आडाचा गळ गंजला

माझं एकही धोतर कधी धड नव्हतं. गरिबीमुळं नव्हे, तेजाबामुळं. थेंब उडाला तर तेव्हा कळायचंही नाही, पण कापड दोनदा धुतलं की तिथं भोक. बायको आडावर धोतर आपटायची आणि आपटता आपटता सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायची, "धोतर नेसता का चाळन? पीठ आना, चाळून देते."

ती गेली त्याला पाच महिने झाले. परवा तिची ट्रंक उघडली तर तळाशी तसलंच एक धोतर निघालं. ठिगळाला ठिगळ लावलेलं, नीट घडी घातलेलं. बाजूला चिंधीत निळ्या मोरचुदाचा खडा आणि एक लोखंडी गळ. विहिरीत पडलेला पोहरा काढायला दोरीला बांधून सोडतात तो गळ. पार गंजलेला. असला गंजका तुकडा कुणी लुगड्यांत ठेवतं का? तिनं ठेवला होता. कशाला ठेवला ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत होतं ते बाकीचे सगळे मेले, म्हणून लिहितो. मी तिसरी शिकलेला माणूस. चुकलं तर चुकलं.

जर्मन-जपानच्या लढाईचे दिवस होते. मी पारनेरकडचा. गावात हाताला काम नव्हतं म्हणून नगरला आलो आणि एका तांब्याच्या भांड्यांच्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब पडवी, दोन भट्ट्या आणि दिवसभर कान बधिर करणारी ठोकाठोक. हंडे, घागरी, बंब व्हायचे. पुढं लष्कराच्या लोकांचे अंघोळीचे बंब यायला लागले. हातोडा चालवणारे सगळे पिढ्यान्‌पिढ्यांचे तांबट. मला कोण हातोडा देतो? मला तेजाबाच्या कुंडावर बसवलं.

तांबं भट्टीत तापवलं की त्याच्यावर काळी खपली धरते. ती काढल्याशिवाय पुढं ठोकता येत नाही. म्हणून एका काळ्या दगडाच्या कुंडात पाणी आणि गंधकाचं तेजाब घालून ठेवायचं, भांडं त्यात बुडवायचं, थोड्या वेळानं काढून साध्या पाण्यात धुवायचं. काळं गेलेलं भांडं लालबुंद निघायचं, नवरीसारखं. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. वासानं घसा जळायचा, तरी आवडायचं.

पहिल्याच दिवशी मी लोखंडी चिमट्यानं भांडं धरून कुंडात घातलं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं अशी थोबाडीत दिली की माझी टोपी कुंडात पडायची राहिली. "लोखंड न्हाई घालायचं! लाकडाचा चिमटा हाय ना?" चिमटा बाहेर काढला तर त्याचं टोक लाल झालेलं. तेजाबात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि काम बिघडतं. ती थोबाडीत नसती तर पुढचं मला कधीच कळलं नसतं. मिस्त्रीबाबा, तुमचे उपकार.

तेजाब वापरून वापरून निळं पडायचं आणि थकायचं. मग खपली निघेना. तसं झालं की मालक म्हणायचा, "सोड." मी कुंडाच्या बुडातला दट्ट्या काढायचो आणि ते सगळं निळं पाणी कारखान्यामागच्या गटारात सोडून द्यायचो. नवं तेजाब मुंबईहून रेल्वेनं यायचं, गवत भरलेल्या टोपलीत काचेचे मोठाले बुधले. गटार कुठं जातं हे मी कधी विचारलं नाही. विचारायला लांब जायची गरज नव्हती. ते आमच्याच आळीच्या मागनं जात होतं, आणि आळीचा आड गटारापासून फार तर वीस हातांवर.

त्या आळीत आमची एक खोली होती. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको श्रीरामपूरकडची, गुळव्याची लेक. उसाच्या रसाला कढ कधी द्यायचा आणि काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, कधी उतरायची हे सांगणारा गुळव्या. बापाच्या गुऱ्हाळात वाढलेली, त्यामुळं तोंड गोड असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं.

पिण्याला नळाचं पाणी होतं. आडाचं पाणी मचूळ, ते धुण्याभांड्याला. पण ऐन उन्हाळ्यात नळ महिनाभर रुसायचा, तेव्हा आळी आडाचंच पाणी प्यायची.

त्या साली माघात कुणाचा तरी पोहरा आडात पडला. गळ टाकला, तो अडकेना. बायांची त्यावरून भांडणं झाली आणि गळ तसाच पाण्यात लोंबकळत राहिला, आठ-दहा दिवस. मग एकीनं ओढून काढला. काढला तो लाल. चकचकीत, नव्या तांब्याच्या पैशासारखा.

आळीत एक म्हातारी होती. सगळे तिला काकी म्हणत. तिनं गळ हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांतनं पाणीच आलं. "आसरा परसन झाल्या गं! लोखंडाचं तांबं केलं!"

झालं. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, म्हणून आडाला हळदकुंकू, नारळ, गळाला हिरवी चोळी. दुसऱ्या दिवशी बघतो तर आडात दहा-बारा दोऱ्या सोडलेल्या. कुणी उलथणं बांधलंय, कुणी विळा, एकीनं तर दाराची कडी काढून आणलेली. लढाईत तांबं मिळत नव्हतं ना. मी लांबनं बघितलं आणि हसलो. हसता हसता थांबलो. मला तो चिमटा आठवला.

तांबं देवानं केलं नव्हतं. मी सोडलं होतं, माझ्या हातानं, दर दोन-तीन हप्त्यांनी.

मी गप्प बसलो. ते लिहायला लाज वाटते, पण तीन दिवस गप्प बसलो. बोललो असतो तर काम गेलं असतं, आणि आळीतली खोलीही. वाटलं, कपडेच तर धुतात त्या पाण्यात, काय बिघडतंय.

चौथ्या दिवशी दुपारी बायको भाकरी घेऊन कारखान्यात आली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात लोटी.

"ही घ्या. तीर्थ हाय."

"कसलं?"

"आडाचं. काकीनं समद्यांना दिलं. पोरान्लाबी पाजलं. कडू लागतंय जरा, पन काकी म्हनती, देवाचं आवशद कडूच आसतंय."

मी लोटी हातानं उडवली. ती भिंतीवर आपटली. सगळ्या तांबटांचे हातोडे थांबले.

"तू प्यालीस?"

"एक घोट. का? आवं, देवाचं पानी सांडलं तुमी!"

मी तिला हाताला धरून कुंडापाशी नेलं, एक गंजका खिळा निळ्या पाण्यात टाकला, वाट बघितली आणि लाकडी चिमट्यानं काढला. लाल. ती खिळ्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "कवापासनं म्हाईत हाय तुमाला?"

"तीन दिस."

"उठा," ती म्हणाली. "चला आडावर. तुमी सांगायचं. मी न्हाई सांगनार."

त्या वेळी मला तिचा राग आला होता. आज वाटतं, तिनं मला त्या दिवशी माणसांत ठेवलं. तिनं स्वतः जाऊन सांगितलं असतं तर मी जन्मभर तिच्या पदराआडचा चोर झालो असतो.

आडावर पाच-सहा बाया होत्या आणि काकी. मी सगळं सांगितलं. मला सांगता येत नव्हतं, मधेच ततपप व्हायचं, मग बायको मागनं ढोसायची. सांगून झालं. मग काकी म्हणाली, "म्हंजी मी तुज्या मालकाच्या गटाराला कुकू लावलं व्हय रं मुडद्या?"

एक बाई खुदकन हसली. दुसरी तिच्यावर ओरडली, "हसतीस काय? पोरगं कालपासनं वकतंय माजं!" आणि रडायला लागली. तिच्या पोराला दोन दिवस ताक आणि भाताची पेज दिली, ते उतरलं. देवाची कृपा, एकेक घोटच घेतला होता सगळ्यांनी. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

आळीच्या माणसांनी मालकाला गाठलं. उद्यापासून गटारात एक थेंब सोडला तर कुंड फोडू, म्हणाले. मालक वाईट नव्हता, तापट होता. मला म्हणाला, "तू गेलास कशाला बोंबलायला? आता हे पानी टाकू कुठं? माज्या डोस्क्यावर? आनि नवं तेजाब तरी कुठं येतंय?" ते खरं होतं. मुंबईहून दीड महिना बुधला आला नव्हता. सगळं तेजाब लढाईच्या कामाला जात होतं. कुंडात होतं ते थकलेलं. टाकता येईना आणि वापरता येईना. काम बंद पडायला आलं. शिमग्याच्या आत काही सुचवलं नाहीस तर तुझा तू रस्ता बघ, असं मालकानं मला सांगितलं.

सुचलं तिला.

भाकरी घेऊन आली की ती आता कुंडाकडं वैऱ्यासारखी बघायची. एका कोपऱ्यात जुनी चिनी बरणी होती. तिच्यात मी कधीतरी थकलेलं तेजाब भरून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. उन्हानं पाणी आटून निम्मं झालं होतं आणि तोंडाला बांधलेली सुतळी आत लोंबत होती. तिनं सुतळी लाकडानं उचलली. तिच्यावर निळे खडे धरले होते. टपोरे, कंगोऱ्यांचे.

"ही तर खडीसाखर हाय," ती म्हणाली.

"तोंडात घालू नकोस म्हंजी झालं."

"मला काय येडी समजता? आवं, खडीसाखर कशी करत्यात? पाक आटवायचा, दोरा सोडायचा, हालवायचा न्हाई. साखर दोऱ्याला धरती आनि खाली काकवीवानी पानी ऱ्हातं. हितं तांबं दोऱ्याला धरलंय. मग खाली काय ऱ्हायलं?"

मी मिस्त्रीबाबाकडं बघितलं. म्हातारा हातोडा खाली ठेवून उठला. खडा हातात घेऊन म्हणाला, "मोरचूद." मग वाकून बरणीतल्या पाण्यात काळ्या पडलेल्या तांब्याचा तुकडा टाकला. आम्ही तिघं बघत बसलो. खपली सुटली. तुकडा लाल झाला.

तांबं निघून गेलं होतं आणि तेजाब शिल्लक होतं. म्हणजे ते मेलं नव्हतंच, तांब्यानं जड झालं होतं इतकंच. इतकी वर्षं आम्ही चांगलं तेजाब आणि चांगलं तांबं दोन्ही आडात घालत होतो.

"बापाला बोलवते," बायको म्हणाली. "आटवायचं काम त्याचं."

सासरे रेल्वेनं आले. खांद्यावर घोंगडी, कमरेला चंची, आणि लेकीसाठी गुळाची ढेप. कारखान्यात आल्या आल्या विचारलं, "काहील कुठाय?"

काहील नव्हती. लोखंडाची चालत नाही. मिस्त्रीबाबानं सांगितलं की मुंबईकडं तेजाब शिशाच्या हौदात करतात असं त्यानं ऐकलंय, शिशाला ते खात नाही. मालकानं मोडीतनं शिसं काढलं. बडबडला खूप, पण काढलं. तांबटांनी ते ठोकून मोठी परात केली. शिसं वितळू नये म्हणून खाली वाळू पसरून चुलाण मांडलं, मागच्या अंगणात, वाऱ्याच्या अंगाला.

सासऱ्यांनी जाळ धरला. म्हातारा चुलाणापाशी बसला की राजासारखा दिसायचा. "जाळ मंद. उकळी नको, नुसती वाफ. घाई कुनाला हाय? तुमाला हाय का जावईबापू?" आम्ही तोंडाला फडकं बांधून उभे. सकाळपासनं दुपारपर्यंत पाणी आटत गेलं. रंग गडद झाला, मोराच्या गळ्यासारखा. सासरे पुढं वाकले. शेजारी गार पाण्याचं घंगाळ होतं. आणि मला कळायच्या आत उजव्या हाताची दोन बोटं त्यात भिजवून त्यांनी परातीत घातली, पाक चिमटीत धरून बघायला.

चाळीस वर्षांची सवय ती. गुळव्या पाक असाच बघतो.

"आयायायाय!"

बायकोनं बापाचा हात मनगटाशी धरून घंगाळात कोंबला आणि दाबूनच धरला. म्हातारा नाचत होता आणि ती ओरडत होती, "तोंडात न्हाई घातली हे नशीब! गूळ हाय का त्यो?" आम्ही पाणी ओतत राहिलो, घागरीमागनं घागर. बोटांची सालं गेली, एक नख कायमचं काळं झालं. पण संध्याकाळी हाताला फडकं गुंडाळून म्हातारा परत चुलाणापाशी. "बोट गेलं तर जाऊ दे, कढ न्हाई बिघडू देनार," म्हणाला. मग त्यानं दुसरी युक्ती काढली. लाकडाच्या काडीनं एक थेंब गार कौलावर टाकायचा. थेंब पसरला तर कच्चा. थिजून रवाळ झाला तर उतरा. पुढं आम्ही सगळे तसंच करत आलो.

रवा दिसला. जाळ ओढला. चार सुतळ्या सोडल्या, वर फळी झाकली आणि हात लावायचा नाही अशी ताकीद.

सकाळी मालक सगळ्यांच्या आधी हजर. फळी उचलली. परातीच्या तळाला आणि सुतळ्यांना निळ्या खड्यांची रास. खडे काढले आणि राहिलेलं पाणी मी हळूहळू कुंडात, साध्या पाण्यात सोडलं. मिस्त्रीबाबानं काळाठिक्कर हंडा आणून दिला. मी बुडवला. काढून धुतला.

लाल. नवरीसारखा.

मालक तसाच वळला. आत गेला, स्वतःचा फेटा घेऊन आला आणि सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवला. सासरे म्हणाले, "फेटा लेकीला द्या, आक्कल तिची हाय." मालक गोंधळला. बाईला फेटा कसा देणार? दुसऱ्या दिवशी बायकोला लुगडं आलं. ते तिनं कधी कारखान्यात नेसलं नाही. म्हणायची, "तुमच्या थेंबाला द्यायचं न्हाई हे."

मोरचूद शेतकरी न्यायला लागले. ज्वारीचं बी त्याच्या पाण्यात भिजवून पेरलं की कणसाला काणी, तो काळा रोग, धरत नाही. जे आमच्या आडात विष होतं ते वावरात औषध झालं.

पण भांडी धुतलेलं पाणी राहिलंच होतं. त्यातही थोडं तेजाब, थोडं तांबं. तेही गटारात नको, असं बायको हट्टानं म्हणाली. "गळाला तांबं धरलं न्हवं? मग त्या पान्याला लोखंडच द्या." आम्ही खड्डा खणून बांधून घेतला, त्यात घोड्याचे जुने नाल, खिळे, पत्रे टाकले. तांबं लोखंडावर लाल चिखलासारखं बसायचं, ते खरवडून मिस्त्रीबाबा परत वितळवायचा. पुढच्या खड्ड्यात चुना. त्याच्या पुढं गटारात जायला काही उरायचं नाही म्हटलं तरी चालेल.

आणि आड? आड उपसला. मालकाची सगळी माणसं, हातोडा धरणारे तांबटसुद्धा, दोराला लागली. तळाचा निळसर गाळ काढून खड्ड्यात चुन्यात पुरला. तरी बायांचा विश्वास बसेना, आणि का बसावा? नळ रुसला तेव्हा मालकानं बैलगाडीतनं दुसऱ्या विहिरीचं पाणी आणवलं, नव्या कोऱ्या हंड्यांतनं, महिनाभर. पहिली गाडी आली तेव्हा काकी म्हणाली, "ह्ये तरी गटाराचं न्हाई ना, का कुकू आनू?"

बायकोनं एक काम स्वतःकडं घेतलं. तोच गळ. चोळी काढून तिनं तो दगडावर घासला, पार पांढरा केला आणि आडात सोडला. दहा दिवसांनी आळीसमोर वर काढला. लाल. परत घासला, परत सोडला. आड परत उपसला. दुसऱ्यांदा काढला, तेव्हाही टोकाला लाली होतीच. तेवढ्यासाठी ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जशी काही लाली मी लावली होती.

पाऊस झाला. आडाला नवे झरे फुटले, पाणी चढलं, दोनदा उपसलं. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तिनं गळ काढला. मी कुंडावर होतो. ती पळत आली, पदर सुटलेला, हातात दोरासकट गळ. धापा टाकत नुसता माझ्यापुढं धरला.

गंजलेला. सगळा, टोकापासनं कडीपर्यंत, तपकिरी खरबरीत गंज. साध्या पाण्यात लोखंडाला जो धरतो तो.

गंज बघून रडलेला माणूस कुणी बघितलाय का? मी रडलो. मिस्त्रीबाबा म्हणाला, "आरं काय झालं? कोन मेलं?" आणि ती हसत सुटली, गळ माझ्या धोतराला पुसत. त्या धोतरावर तो डाग बसला तो कधी गेला नाही.

संध्याकाळी काकीनं आडाचं पाणी काढलं, सगळ्यांदेखत आधी मी प्यावं म्हणून लोटी माझ्या हातात दिली. "पी रं मुडद्या. तूच पी आदी." मी प्यालो. मचूळ होतं, पहिल्यासारखं. मग बायको प्याली, मग काकी. पोरांना कुणी दोन दिवस दिलं नाही, मग दिलं.

त्या कुंडावर मी म्हातारा होईपर्यंत राहिलो. कुंडातलं पाणी गटारात परत सोडलं नाही. घसा गेला, बोटं निळी राहिली, पण आळीतनं कधी मान खाली घालून गेलो नाही. ते तिचं देणं. तिच्या हयातीत मी तसं कधी म्हणालो नाही. आमच्यात म्हणत नाहीत, आणि म्हटलं असतं तर तिनं चेष्टाच केली असती.

ट्रंकेतल्या धोतराला तो गंजाचा डाग तसाच आहे. सुनेनं विचारलं, "मामा, हे टाकू का?" मी नको म्हणालो. गळ मात्र ट्रंकेतनं काढला. आता तो दाराशी खिळ्याला टांगलाय. पावसाळी हवेनं आणखी गंजतोय. गंजू दे.